डोंगरात समुद्राचा तळ कसा ओळखावा

समुद्राचा तळ पाहायला पाणबुडीच लागते असं नाही. भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड सरकते खंड, एकमेकांवर आदळताना तळाचा एखादा तुकडा जमिनीवर चढून बसतो. ओमानमध्ये आणि सायप्रसच्या ट्रूडोस पर्वतात असा तळ चालत फिरून पाहता येतो. या खडकसंचाला ओफिओलाइट म्हणतात. सोबत भिंग, लोहचुंबक आणि पोलादी चाकू ठेवा.

आधी उशा शोधा. पाण्याखाली बाहेर पडलेल्या लाव्ह्याची साल क्षणात गोठते, आतला रस ती फोडून पुढे सरकतो आणि तोही गोठतो. असे बेसाल्टचे गोळे लोडांसारखे एकमेकांवर रचले जातात. कडा तुटलेली उशी भिंगातून पाहा: बाहेर काचेसारखी पातळ साल, आत बारीक कणांचा दगड, आणि मधून कडेकडे धावणारे तडे. उशीची पाठ फुगीर असते आणि खालचं टोक निमुळतं होऊन खालच्या दोन उशांच्या फटीत शिरलेलं असतं. टोक आभाळाकडे दिसलं तर सगळा थरच उलटा झालाय. मात्र नुसत्या उशा पाहून निकाल देऊ नका. त्या तळ्यात आणि बर्फाखालीही तयार होतात.

म्हणून शेजारी तपासा. उशांच्या वर बहुधा लालसर चर्ट, म्हणजे सिलिकाचा कठीण गाळखडक, मिळतो. त्यावर चाकूचा ओरखडा उठत नाही. उशांच्या खाली उभ्या भित्ती, म्हणजे फटींत शिरून गोठलेल्या शिलारसाचे पट्टे, कपाटातल्या पुस्तकांसारख्या एकमेकींना चिकटून. त्याखाली गॅब्रो: घटक बेसाल्टचेच, पण सावकाश थंड झाल्यामुळे स्फटिक नुसत्या डोळ्यांनी दिसतात. त्याच्याही खाली पेरिडोटाइट, म्हणजे कवचाखालच्या प्रावरणाचा खडक. गॅब्रोपर्यंतचं सगळं मिळून समुद्राखालचं कवच सहा-सात किलोमीटरचं, म्हणजे खंडांच्या मानाने अगदीच पातळ.

क्रम खालून वरच असेल हे गृहीत धरू नका. थर कललेले असतील तर पायथ्याकडून माथ्याकडे नाही, आडवं चालावं लागतं. ट्रूडोसमध्ये तर गंमतच आहे: सगळ्यात खोलचा पेरिडोटाइट तिथे शिखरावर आहे, त्यामुळे जितकं चढाल तितकं तळात उतराल.

पेरिडोटाइटमध्ये पाणी मुरलं की त्याचा सर्पेंटिनाइट होतो: हिरवा, गुळगुळीत, साबणासारखा स्पर्श. त्यात मॅग्नेटाइट हे लोहाचं चुंबकीय खनिज तयार झालेलं असतं, म्हणून लोहचुंबक लावून पाहा. अशा खडकावर होकायंत्र ठेवून दिशा मात्र घेऊ नका, सुई भरकटू शकते.