इटालियन वाइन कशी चाखावी: आधी नुसती, मग घासासोबत

पहिल्यांदा बारोलो ही इटलीची नावाजलेली तांबडी वाइन ग्लासात ओतली तेव्हा वाटलं, कुणीतरी पाणी मिसळलंय. रंग फिका, कडेला विटकरी झाक. घोट घेतला तर कच्ची सुपारी चघळल्यासारखं झालं. जीभ टाळ्याला चिकटली, हिरड्या आवळून आल्या. एवढे पैसे मोजून हे? थोड्या वेळाने जुन्या, खारट चीजचा तुकडा तोंडात असताना त्याच ग्लासातला दुसरा घोट घेतला. तुरटपणा जागेवरच विरघळला आणि मागे गुलकंदासारखा वास रेंगाळला.

तेव्हापासून मी इटालियन वाइन दोनदा चाखतो, आधी नुसती आणि मग घासासोबत. इटलीत वाइन जेवणाच्या टेबलावरची वस्तू आहे. तिच्यातला आंबटपणा, तुरटपणा शेजारी ताट असणार हे धरूनच आलेला असतो. नुसत्या घोटावर निकाल देणं म्हणजे भाकरीशिवाय ठेचा खाऊन तो फार तिखट आहे म्हणण्यासारखं.

बाटल्या निवडा

एकच बाटली उघडून काही कळत नाही, तुलनेला काहीतरी लागतं. सुरुवातीला तीन घ्या: पांढरी सोआवे, तांबडी कियांती क्लासिको आणि नेब्बिओलो द्राक्षाची एखादी. बारोलो महाग पडते. ‘लांगे नेब्बिओलो’ त्याच द्राक्षाची आणि बरीच स्वस्त. आयात वाइन आपल्याकडे मुळातच महाग, तेव्हा पाच-सहा जणांनी वर्गणी काढावी. चाखायला माणशी ५० मिली पुरते. ७५० मिलीच्या बाटलीतून सहा जणांना ३०० मिली गेली, तरी दुसऱ्या फेरीला भरपूर उरते.

लेबल वाचा

इथे भलेभले फसतात. इटालियन लेबलवर कधी गावाचं नाव असतं, कधी द्राक्षाचं. बारोलो हे गाव, बारबेरा हे द्राक्ष. ‘बारबेरा द’आस्ती’ म्हणजे आस्ती भागातली बारबेरा. सगळ्यात मोठा घोळ मोंतेपुल्चानोचा: ‘मोंतेपुल्चानो द’आब्रुत्सो’मध्ये ते द्राक्षाचं नाव आहे, तर ‘विनो नोबिले दी मोंतेपुल्चानो’मध्ये तोस्काना (टस्कनी) प्रांतातल्या गावाचं, आणि ती वाइन बनते मुख्यतः सांजोवेझे द्राक्षापासून. (आणि हो, कियांती म्हणायचं, चियांती नाही.)

‘डीओसी’, ‘डीओसीजी’ ही अक्षरं म्हणजे कुठलं द्राक्ष, कुठला भाग, किती मुरवण याचे नियम पाळल्याची खूण. डीओसीची चौकट १९६३ च्या कायद्याने आली. कियांती क्लासिकोत किमान ८० टक्के सांजोवेझे लागते. बारोलो पूर्ण नेब्बिओलोची आणि किमान ३८ महिने मुरवलेली, त्यातले १८ लाकडी पिंपात. पण नियम पाळणं वेगळं आणि चव जमणं वेगळं. सास्सिकाया, तिन्यानेल्लो या तोस्कानातल्या नावाजलेल्या वाइन सुरुवातीला नियमांत बसत नव्हत्या, म्हणून कित्येक वर्षं साध्या ‘टेबल वाइन’ या शिक्क्याखाली विकल्या गेल्या. तेव्हा शिक्क्याला गुण देऊ नका.

तयारी

तांबडी वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी असं म्हणतात. ते १६ ते १८ अंशांचं. आपल्याकडे एप्रिलात खोलीत ३२ असतात. तेवढ्या उष्म्यात आधी अल्कोहोलच नाकात चढतं, म्हणून तांबडी बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. पांढरी मात्र फ्रिजमधून दहा मिनिटं आधी काढा, फार गार असली तर वास मिटून बसतो. ग्लास पातळ काचेचा, वर निमुळता होत जाणारा हवा, आणि तो एक तृतीयांशच भरा. अत्तर, उदबत्ती त्या दिवशी बंद. शेजारी हिंगाची फोडणी पडली की संपलंच.

पाहा

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा आणि कडेचा रंग बघा. तरुण कियांतीची कड माणकासारखी, जुनी होत गेली की विटकरी. नेब्बिओलो जात्याच फिकी आणि लवकर विटकरी होणारी. फिका रंग बघून तिला कमजोर ठरवण्याची चूक मी केली, तुम्ही करू नका. ग्लासाच्या आतून ओघळणाऱ्या धारांवर लोक तासभर बोलतात. त्यातून मुख्यतः अल्कोहोलचा अंदाज येतो, दर्जाचा नाही. पुढे चला.

हुंगा

आधी ग्लास न हलवता हुंगा, मग दोन-तीनदा घोळवून. पहिला प्रश्न एकच: वास स्वच्छ आहे का? पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा कुबट वास आला तर कॉर्क बिघडलंय. ती बाटली ठेवून सुधारत नाही, पुढे चाखण्यात अर्थ नाही. मला एकदा अशी बाटली मिळाली, परत न्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, “रेड वाइन अशीच असते.” नसते.

वास स्वच्छ असेल तर त्याला नाव द्या, पण आपल्या नाकातलं. सांजोवेझेला आंबट चेरीचा वास येतो असं लिहिलेलं असतं. मी आंबट चेरी आयुष्यात दोनदा खाल्ली असेन. मला तिथे करवंद आठवतं आणि मागून थोडं आमसूल. नेब्बिओलोसाठी इटालियन लोक गुलाब आणि डांबर ही जोडी सांगतात. ताज्या डांबरी रस्त्याच्या कडेला उभं राहून गुलकंदाचा डबा उघडल्यासारखं म्हटलं तर जमून जातं.

घोट घ्या

छोटा घोट तोंडात सगळीकडे फिरवा, चूळ भरतो तसा, पण हळू. ओठांतून थोडी हवा आत ओढा, वास पुन्हा वर चढतो. मग गिळा किंवा थुंका. थुंकण्यात गावंढळपणा काही नाही, पाच वाइन चाखायच्या तर शुद्धीवर राहावं लागतं. रिकामा तांब्या ठेवला की झालं.

आता एकेक तपासा. आंबटपणा: गिळल्यावर जिभेच्या कडांना लाळ सुटते का? सांजोवेझे आणि बारबेरात भरपूर सुटते. तुरटपणा: हिरड्या आणि गालाची आतली बाजू कोरडी पडते का? इथे मराठी माणसाचं बरं आहे. आवळा, जांभूळ, कच्चं केळं खाऊन मोठे झालेल्यांना तुरट म्हणजे काय हे समजावावं लागत नाही. बारबेरात तुरटपणा कमी, नेब्बिओलोत रग्गड. बारीक पिठासारखा तुरटपणा चांगला, लाकडाच्या भुश्यासारखा खरखरीत असेल तर गुण कापा. आणि कडू: सोआवेच्या शेवटी कडू बदामासारखी पुसट चव आली तर तो दोष नाही, तिची ओळख आहे.

शेवटी गिळल्यावर मनात आकडे मोजा. पाचाच्या आत चव पुसली गेली तर वाइन साधी. दहाच्या पुढे टिकली तर मी वहीत खूण करतो.

आता घास

तुरटपणा येतो तो टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतलं तुरट द्रव्य, लाळेतल्या प्रथिनांना चिकटल्यामुळे. चीज किंवा मांस सोबत असलं की टॅनिन त्यातल्या प्रथिनांकडे वळतं आणि तोंड मोकळं राहतं. टोमॅटोच्या सॉसचा पास्ता, पेकोरिनो किंवा पार्मेजानो चीजचे तुकडे, ऑलिव्ह तेल लावलेला भाजका पाव एवढं पुरे. टोमॅटोच्या आंबटपणापुढे कमी आंबट वाइन पचपचीत लागते, कियांती तिथे बरोबर बसते. तिखट रस्सा मात्र या परीक्षेला नको. मिरचीने अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही भडकतात.

प्रत्येक वाइनपुढे वहीत दोन ओळी लिहा, आधीची आणि नंतरची. १०० पैकी गुण देण्याच्या फंदात मी पडत नाही. ८९ आणि ९० मधला फरक माझ्या जिभेला कळत नाही. मी एवढंच लिहितो: काय टोचलं, घासाने ते निवलं का, आणि दुसरा ग्लास स्वतःहून ओतून घेतला का.

सराव झाला की एक गमतीची जोडी लावून बघा. फ्रातेल्ली, म्हणजे इटालियनमध्ये ‘भाऊ’, या कंपनीने अकलूजजवळ सांजोवेझे लावली आहे. तोस्कानाचे वाइनमेकर पिएरो मासी यांचा त्यात हात आहे. ती आणि कियांती क्लासिको शेजारी ठेवा, बाटल्यांना कागद गुंडाळा आणि कुठली कुठली ते ओळखायला सांगा. उरलेल्या बाटल्या बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या संध्याकाळी थोडा गारवा जाऊ देऊन पुन्हा चाखा. नेब्बिओलोची ओळ बहुतेक वेळा मला वहीत खोडून नव्याने लिहावी लागते.