युद्धकाळातलं नौदलाचं पाकीट कसं वाचावं

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी नौदलाचं पाकीट हाती आलं, तर तिकीट सोडवायला ते पाण्यात टाकू नका. बऱ्याच पाकिटांवर तिकीट नसतंच. १ एप्रिल १९४२ पासून सैनिकांची साधी पत्रं फुकट जाऊ लागली आणि तिकिटाच्या जागी खलाशी स्वतःच्या हाताने 'फ्री' लिहू लागले. सगळा ऐवज पाकिटाच्या कागदावरच आहे.

मग शिक्का भिंगाखाली धरा. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला होईपर्यंत त्यात जहाजाचं नाव असे, कित्येकदा शेजारच्या, तिकीट रद्द करणाऱ्या दांड्यांमध्ये (आडव्या रेघांमध्ये) बंदराचंही. पुढे ही नावं गेली आणि उरलं नुसतं 'यू. एस. नेव्ही'. काही जहाजांवर जुन्याच शिक्क्यातली अक्षरं खरवडून टाकली होती. अशी रिकामी जागा दिसली तर ते पाकीट विशेष जपा. युद्ध सुरू झाल्याची घाई माझ्या मते इतकी स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

शिक्क्याने लपवलेलं नाव बहुधा डाव्या वरच्या कोपऱ्यात, पाठवणाऱ्याच्या पत्त्यात मिळतं: नाव, हुद्दा, जहाज आणि 'फ्लीट पोस्ट ऑफिस', म्हणजे नौदलाच्या जहाजांची टपाल कचेरी. शेवटी सॅन फ्रान्सिस्को असेल तर जहाज मुख्यतः प्रशांत महासागरातलं, न्यूयॉर्क असेल तर अटलांटिकमधलं.

सेन्सॉरचं काम जहाजावरचेच अधिकारी करत. 'पास्ड बाय नेव्हल सेन्सॉर' या शिक्क्यातली आद्याक्षरं उतरवून घ्या. त्याच जहाजाच्या दुसऱ्या पाकिटावर तीच आढळली तर दोन्ही एकत्र ठेवता येतात. पत्र आत असेल आणि त्यात सेन्सॉरने मजकूर ब्लेडने कापून पाडलेल्या खिडक्या असतील, तर मागून कागद लावून त्या बुजवू नका.

आता जहाज आणि तारीख ताडून पाहा. अमेरिकी नौदलाच्या इतिहास विभागाने जहाजांचे इतिहास इंटरनेटवर ठेवले आहेत. समजा, पाकीट 'एंटरप्राइझ' या विमानवाहू जहाजाचं, ऑगस्ट १९४२ अखेरचं आहे. २४ ऑगस्टला पूर्व सॉलोमनच्या लढाईत या जहाजावर बॉम्ब पडले होते. आतल्या पत्रात त्याबद्दल अक्षर नसेल, कारण तसं लिहायला मनाई होती. शिवाय शिक्क्याची तारीख म्हणजे पत्र लिहिल्याची तारीख नव्हे, हे विसरू नका.

घरून जहाजावर गेलेली पाकिटंही पाहा. 'ह्यूस्टन' हे अमेरिकी युद्धजहाज १ मार्च १९४२ रोजी सुंदा सामुद्रधुनीत बुडालं आणि त्यावरच्या खलाशांच्या नावाची पत्रं घरी परतली. अशा पाकिटावरचे दोन्ही बाजूंचे शिक्के तारखेच्या क्रमाने वेगळ्या कार्डावर उतरवा. पाकिटावर पेन्सिलीनेही काही लिहू नका.