मुलांचे पुरुमेत: मेमध्ये साठवा, पावसात पेरा

मे महिना लागला की गोव्यातल्या घरांत पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, लगबग सुरू होते. पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतो’वरून आलेला हा शब्द आता आपलाच झाला आहे. मीठ, सुक्या मिरच्या, सुके बांगडे, चिंच, आमसुले, सगळे पावसाआधी घरात यायला हवे. मुलांना त्याच महिन्यात सुट्टी असते. म्हणून माझे सांगणे असे की मुलांनाही त्यांचे पुरुमेत भरू द्या. ५ जूनला पर्यावरण दिन येतो तेव्हा पाऊस दारात असतो, सुके पान शोधूनही सापडत नाही. पावसाळाभर मुलांच्या हाताला काम हवे असेल, तर त्याची जमवाजमव मेमध्येच व्हायला हवी.

आधी साठवण

तांदळाची रिकामी गोण घ्या. तीत मुलांनी फणस, आंबा, काजूची वाळलेली पाने भरायची. ही पाने जाड असतात आणि अख्खी टाकली तर कुजायला फार वेळ लावतात, त्यामुळे हाताने चुरडून भरावीत. मुलांना हे काम मनापासून आवडते. पाचोळ्याचा जुना ढीग असेल तर तो आधी मोठ्या माणसाने काठीने हलवून पाहावा. साप, विंचू उन्हाळ्यात अशाच जागी असतात. भरलेली गोण पावसाची झड लागणार नाही अशा जागी, जमिनीपासून थोडी उंच ठेवा. आम्ही पहिल्या वर्षी ती पडवीच्या कडेला ठेवली आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिच्यात बुरशीचा गोळा मिळाला.

दुसरी वस्तू करवंट्या. रोजच्या नारळातून महिनाभरात पंचवीस-तीस सहज जमतात. करवंटीच्या डोळ्यांकडचा अर्धा भाग वेगळा ठेवायला सांगा. नारळाच्या तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, तो खिळ्याने लगेच उघडतो आणि पाणी निघायला आयते भोक मिळते. दुसऱ्या अर्ध्याला भोक मोठ्यांनी पाडून द्यावे. सगळ्या करवंट्या पालथ्याच ठेवायच्या, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

बिया

लहान मुलाला पहिल्याच खेपेला झाड लावायला दिले तर ते वाट पाहून कंटाळते. म्हणून सुरुवात तांबड्या भाजीने करावी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पावसाच्या तोंडावर गावठी बी मिळते. तीन-चार दिवसांत लाल ठिपके दिसू लागतात आणि महिन्याभरात मूठभर भाजी हाती येते.

करवंटीच्या तळाशी सोडणाचा, म्हणजे नारळाच्या सालाचा, थोडा काथ्या पसरा, म्हणजे माती भोकातून वाहून जात नाही. काथ्या आधी दोन वेळा पाण्यात भिजवून पिळून घ्यावा, त्यातला तपकिरी कस निघून जातो. वर दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग जुने खत. तांबड्या भाजीचे बी खसखशीएवढे असते. नुसते टाकले तर सगळे एकाच जागी पडते. चिमूटभर बी मूठभर कोरड्या वाळूत मिसळून मग भुरभुरावे आणि वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा. करवंट्या छपराखाली ठेवा, पण पागोळ्यांच्या धारेखाली नको. जूनचा पाऊस कोवळी रोपे एका रात्रीत झोपवतो. फ्लॅटमध्ये असाल तर बाल्कनीचा कठडाही चालतो, फक्त करवंट्या आतल्या बाजूला हव्यात.

खरी मजा मला कोकमात वाटते. मेमध्ये आमसुले करताना बियांचा ढीग उरतो. त्यातल्या दहा-बारा टपोऱ्या बिया मुलांनी राखेत चोळून, धुऊन, सावलीत एक-दोन दिवस सुकवाव्यात. कोकम, आंबा, फणस यांच्या बिया डब्यात ठेवून चालत नाहीत. पार सुकल्या की त्यांचा जीव जातो, म्हणून आठवड्याच्या आत पेरायच्या. करवंटी त्यांना लहान पडते. दुधाची रिकामी पिशवी धुऊन, तळाला चार-पाच भोके पाडून वापरा. कोकम उगवायला तीन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. मूल रोज माती उकरून बघेल. त्याला पिशवीवर पेरल्याची तारीख लिहायला लावा आणि बोट घालण्याऐवजी दिवस मोजायला शिकवा.

मानकुराद आंब्याची कोय मुले हमखास पेरतात. पेरू द्या. पण तिच्यातून येणारे झाड हुबेहूब त्याच चवीचा आंबा देईलच असे नाही, म्हणूनच मानकुरादची कलमे बांधतात, हेही त्यांना सांगा.

रविवारची फेरी

हे काम सोडू नका. डेंग्यू पसरवणारा डास करवंटीभर पाण्यातही अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचे उडते डास होतात. म्हणून आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, मुलाने घराभोवती फिरून साचलेले पाणी ओतून टाकायचे: पालथ्या न पडलेल्या करवंट्या, कुंड्यांच्या बश्या, टायर, शहाळ्यांची टरफले. पाण्यात वळवळणारी पिल्ले दिसली तर आधी मोठ्यांना हाक मारावी.

खत

झाकण असलेली जुनी बादली घ्या, तळाला आणि बाजूला भोके पाडा, दोन विटांवर ठेवा. घरातली भाजीची साले, चहाचा चोथा, केळीची साल एक मूठ पडली की वर साठवलेल्या पानांच्या दोन मुठी. पावसाळ्यात हवाच दमट असते, त्यामुळे सुके जास्तच लागते आणि मेमधली गोण इथे उपयोगी पडते. वास आला तर समजा पाने कमी पडली. मासळीचे खवले आणि काटे मुलांच्या बादलीत नकोत, मांजरे आणि कुत्री ती उलथून टाकतील. ते मोठ्यांनी माडाच्या आळ्यात खोल पुरावे. नागपंचमीला हळदीच्या पानांत उकडलेल्या पातोळ्या झाल्या की ती पाने थेट बादलीत जाऊ द्या.

अडीच-तीन महिन्यांत तळाचे खत काळे, मोकळे आणि मातीच्या वासाचे होते. म्हणजे जूनच्या सुरुवातीला बादली लावली तर पहिले खत गणेश चवथीच्या सुमारास मिळते.

चवथीत

माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची रानफळांची आरास, बांधताना मुलांना बाजूला ठेवू नका. प्रत्येक फळाचे नाव आजीला विचारून वहीत लिहायचे आणि शेजारी चित्र काढायचे, एवढे काम पुरे आहे. रानातून आणताना एकेकच नग घ्यायचा, झाड ओरबाडायचे नाही. एक गोष्ट मात्र ठामपणे सांगा: माटोळीतले काहीही न विचारता तोंडात घालायचे नाही. कवंडळासारखी काही फळे विषारी असतात. बांधायला प्लॅस्टिकचा दोरा न वापरता केवणीच्या सालीचा दोर वापरला, तर उतरवल्यावर तो फळांच्या सालींसकट बादलीत टाकता येतो.

निर्माल्य नदीत सोडण्याआधी फुले, दुर्वा, पत्री एका टोपलीत आणि दोरे, जरी, प्लॅस्टिक दुसऱ्यात, असे मुलांना वेगळे करू द्या. पहिल्या टोपलीतले खताच्या बादलीत जाते. फुले पाणथळ असतात, म्हणून पानांचा थर नेहमीपेक्षा जाड द्या.

कोकमाची रोपे एव्हाना वीतभर झाली असतील. ती याच वर्षी जमिनीत घालू नका, पिशवीतच सावलीला ठेवा आणि उन्हाळाभर पाणी द्या. पुढच्या जूनमध्ये हातभर खोल खड्डा करून तुमच्याच बादलीतले खत घाला आणि दोन-तीन रोपे तरी लावा. बियांपासून आलेल्या कोकमात काही झाडे नर असतात आणि ती फळे धरत नाहीत. फूल येईपर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षे, कोणते कुठले ते कळत नाही.