पेनड्राइव्ह फॉरमॅट करताना या चुका टाळा

लग्नाचा व्हिडिओ ५ जीबीचा, पेनड्राइव्हमध्ये २० जीबी मोकळी, तरी विंडोज म्हणतं फाइल फार मोठी आहे. मग लोक मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठून आणखी मोठा ड्राइव्ह आणतात. उगाच खर्च. ड्राइव्ह फॅट३२ मध्ये (फाइली साठवण्याची जुनी पद्धत) असेल तर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जातच नाही, मग जागा कितीही असो. आहे तोच ड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट केला की काम भागतं.

त्यावर कुणीतरी जाणकार सांगतो, एनटीएफएस (विंडोजची स्वतःची पद्धत) कर. इथेच जास्त घोटाळा होतो. असा ड्राइव्ह मॅकवर उघडतो, फाइली वाचताही येतात, पण त्यात काही टाकता येत नाही. मंडळाच्या स्पीकरला किंवा गाडीतल्या स्टिरिओला तर तो बरेचदा दिसतच नाही, आणि आरतीची वेळ होऊन गेल्यावर खापर फुटतं गाण्यांच्या फाइलींवर. विंडोजची कन्व्हर्ट कमांड डेटा न पुसता फॅट३२ चं एनटीएफएस करते. परतीची वाट मात्र तिच्यात नाही.

माझं मत विचाराल तर गाण्यांसाठी १६ किंवा ३२ जीबीचा एक ड्राइव्ह फॅट३२ मध्ये वेगळाच ठेवा. बाकी सगळ्याला एक्सफॅट. (६४ जीबीच्या ड्राइव्हला विंडोजच्या फॉरमॅट खिडकीत फॅट३२ चा पर्याय सहसा दिसत नाही. ती ३२ जीबीची अट विंडोजची, फॅट३२ ची नव्हे.)

फॉरमॅट बरोबर, तरी टीव्ही ड्राइव्ह ओळखत नाही? तो मॅकवर फॉरमॅट केला होता का, ते आठवा. डिस्क युटिलिटीत (मॅकचं फॉरमॅट करायचं अ‍ॅप) स्कीम, म्हणजे ड्राइव्हच्या विभागणीची नोंद ठेवायची पद्धत, जीयूआयडी राहिली असेल तर जुनी उपकरणं गोंधळतात. व्ह्यू मेनूतून 'शो ऑल डिव्हायसेस' निवडा, यादीत सगळ्यात वरचं, म्हणजे अख्ख्या ड्राइव्हचं नाव धरा आणि स्कीममध्ये मास्टर बूट रेकॉर्ड घेऊन पुन्हा फॉरमॅट करा. आतल्या फाइली आधी दुसरीकडे काढून ठेवा.

फोटोग्राफरने दिलेला ड्राइव्ह लावल्यावर विंडोज 'फॉरमॅट करू का' विचारत असेल तर होय दाबू नका. तो मॅकच्या एपीएफएसमध्ये असू शकतो. विंडोजला ते वाचता येत नाही, इतकंच. आधी एखाद्या मॅकवर लावून बघा.

आणि झेरॉक्सवाल्याकडे घाई असली तरी इजेक्ट केल्याशिवाय ड्राइव्ह उपटू नका. एक्सफॅटमध्ये जर्नल, म्हणजे चाललेल्या बदलांची नोंदवही, नसतं, आणि फाइलींचा नकाशा फॅट३२ मध्ये दोन प्रतींत असतो तसा इथे सहसा एकच. त्यामुळे मध्येच उपटला तर फाइली बिघडू शकतात.