बझर घ्यायच्या आधी टेप घेऊन हॉलमध्ये जा

सप्टेंबर लागला की मला दोन फोन ठरलेले. एक शाळेतून, विज्ञान प्रश्नमंजूषेसाठी. दुसरा आमच्या वसईतल्या धर्मग्रामातून, म्हणजे चर्चच्या पॅरिशमधून, कारण ३० तारखेला बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या संत जेरोमचा सण आणि त्याच्या आसपास बायबल क्विझ. विचारणा एकच: "टीचर, बझर कुठला घेऊ?" मी हायस्कूलला विज्ञान शिकवते, घरात सोल्डरिंग आयर्न आहे, म्हणून हे खातं आपोआप माझ्याकडे आलं. मी उलट विचारते, "फादर, सगळ्यात लांबचं टेबल किती मीटरवर आहे?" ते कुणालाच ठाऊक नसतं.

टेप लावायची ती सरळ रेषेत नाही. वायर भिंतीच्या कडेने जाणार, स्टेजच्या पायरीवरून उतरणार, मधल्या वाटेने बक्षिसं घ्यायला मुलं धावणार ती वाट टाळणार. डोळ्यांना सहा मीटर वाटणारं टेबल अकरा मीटरवर निघतं. वर दोन मीटर जादा ठेवा, कारण ऐनवेळी कुणीतरी टेबलं सरकवतंच. हा आकडा हातात आला की काय घ्यायचं यातलं अर्धं ठरतं.

आधी बझर कशाला म्हणायचं ते बघू. दुकानात चार रंगांची, चार आवाजांची बटणं मिळतात. दाबलं की कोंबडा आरवतो, हॉर्न वाजतो. दिसायला झकास. एका वर्षी आम्ही तीच आणली. तिसऱ्याच प्रश्नाला कोंबडा आणि हॉर्न एकदम वाजले, दोन्हीकडचे पालक उभे राहिले, आणि परीक्षक म्हणून बसलेल्या सिस्टर माझ्याकडे बघायला लागल्या. ती बटणं एकमेकांना ओळखतच नाहीत. आपल्याला हवं ते 'लॉकआउट': पहिलं बटण लागलं की बाकीची सगळी बंद, एकच दिवा लागतो आणि सूत्रसंचालकाने रिसेट करेपर्यंत तसाच राहतो. विक्रेत्याला हा एकच प्रश्न विचारा. तो "सर, आवाज खूप मोठा आहे" असं उत्तर देऊ लागला तर पुढे चला.

शाळेच्या कपाटात जुना बोर्डही सापडेल. कॉलबेलची बटणं, वर रंगीत बल्ब, सगळं थेट २३० व्होल्टवर. तो मुलांच्या हाताखाली देऊ नका, कितीही चांगला चालत असला तरी. सप्टेंबरातली दमट हवा, ओली फरशी, घामेजलेले तळवे. मुलांच्या हातात ५ किंवा १२ व्होल्टच्या वर काही जाता कामा नये.

मधला डबा म्हणजे मेंदू, आणि लोक सगळा विचार त्याचाच करतात. खरं तर तो सगळ्यात कमी बिघडतो. रिलेवर, म्हणजे विजेच्या चुंबकाने हलणाऱ्या स्विचवर, चालणारे जुने डबे दणकट असतात; खट्‌ आवाज येतो, दुरुस्ती गल्लीतला वायरमनही करतो. आता आर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम घालता येणारा छोटा बोर्ड, स्वस्तात मिळतो आणि दहावीतला पोरगाही प्रोग्राम लिहून देतो. पण तो प्रोग्राम एकदा वाचा. आमच्या एका हुशार मुलाने बटण थरथरतं, म्हणजे एका दाबात क्षणभर अनेकदा जोडतं-तुटतं, म्हणून सगळी बटणं एकदा तपासून झाली की २०० मिलिसेकंदांची विश्रांती घातली होती. त्या विश्रांतीत चार नंबरने आधी दाबलं आणि एक नंबरने नंतर, तरी डबा जागा झाल्यावर आधी एक नंबरलाच विचारतो. म्हणजे अशा वेळी टेबल एक कायम जिंकणार, आणि कुणाला कळणारही नाही. विश्रांती काढली की सहा बटणं असली तरी ती सगळी तपासायला सेकंदाचा दहा हजारावा भागसुद्धा लागत नाही. माणसाचा हात आवाज ऐकून हलायलाच सेकंदाचा सहावा-सातवा भाग घेतो, तेव्हा तेवढा वेग रग्गड.

विकत घ्या की बनवून घ्या, परीक्षा एकच आणि ती मी दुकानातच घेते. दोन बटणं शेजारी ठेवायची, वर लाकडी फूटपट्टी आडवी धरायची आणि एकदम दाबायची. वीस वेळा. कधी हा दिवा, कधी तो, पण दोन्ही एकदम कधीच नाही, असं व्हायला हवं. दर वेळी एकच जिंकत असेल तर दोघांच्या पिना अदलाबदल करून पुन्हा वीस वेळा. विजय पिनेच्या जागेबरोबर राहिला तर दोष डब्यात; बटणाबरोबर गेला तर ते बटण जरा उंच बसलंय किंवा हलकं आहे. दुकानदार वैतागतात. वैतागू देत.

आता पैसे कुठे घालायचे? बटणात आणि वायरीत. दारावरच्या बेलचं बटण एका बोटासाठी असतं. सातवीचा मुलगा त्यावर मूठ आपटतो. गेम पार्लरच्या मशीनवर असतं ते घुमटासारखं मोठं बटण घ्या, खाली मायक्रोस्विच, म्हणजे छोटा खटक्याचा स्विच, असलेलं. स्विच गेला तर तेवढाच बदलता येतो. मी मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणते आणि दोन स्विच जादाच घेते. बटण लाकडी फळीवर स्क्रूने बसवा आणि फळी टेबलाला क्लॅम्प करा. सुटं ठेवलं की तिघांतला एक ते मांडीवर घेऊन बसतो, मग दुसऱ्याचा हात पोचत नाही. अमेरिकेतल्या काही चर्चमध्ये बायबल क्विझला बटणच नसतं, खुर्चीवर स्विचची गादी असते. जो आधी उठेल त्याचा दिवा. आमच्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि आमची चुळबुळी पोरं बघता मी तो विचार सोडून दिला.

वायरीसाठी बरेच जण कॉम्प्युटरची लॅन केबल आणतात. भिंतीवर कायमची ठोकायची तर उत्तम, पण तिच्यात बहुतेक वेळा एकेरी तार असते. दरवर्षी गुंडाळली-उलगडली की आतून तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही. गुंडाळायची असेल तर बारीक तारांची, वर जाळी असलेली माईकची केबल घ्या. टोकाला हेडफोनची पिन नको. ती ओढली की निघते, आणि घालताना क्षणभर आत टेकून बझर आपोआप वाजतो. फिरवून आवळायचा गोल धातूचा कनेक्टर हवा. माईकचाच कनेक्टरही लावू नका. साउंडवाला भाऊ अंधारात तो मिक्सरमध्ये खुपसतो, अनुभव आहे.

लांब वायर म्हणजे अँटेना, हेही लक्षात ठेवा. आमच्या हॉलमध्ये पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर फिरवला की तीन नंबरचं टेबल भूत लागल्यासारखं वाजायचं. आर्डुइनोच्या पोटातला पुल-अप रेझिस्टर, म्हणजे बटण दाबलेलं नसताना वायर ठराविक व्होल्टवर धरून ठेवणारा, अशा लांब वायरीला फार दुबळा पडतो. प्रत्येक बटणाला बाहेरून १ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला आणि भूत गेलं. खर्च वडापावाइतका.

"मग वायरलेसच घेऊ," असं तरुण मंडळी म्हणतातच. घ्या, पण सकाळी रिकाम्या हॉलमध्ये तपासून समाधान मानू नका. बरेचसे संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, वायफाय आणि ब्लूटूथही तिथेच. चारशे मोबाइल हॉलमध्ये आले की खरी परीक्षा. शिवाय काही रिमोट बॅटरी वाचवायला झोपतात, आणि पहिला दाब त्यांना उठवण्यातच जातो. मोबाइल अॅप तर मी स्पर्धेला वापरतच नाही. तिथे मुलाचा नाही, त्याच्या नेटवर्कचा नंबर लागतो. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात गंमत म्हणून ठीक.

वीज. पावसाळ्यात ती जाणारच, म्हणून पॉवर बँक जोडून ठेवा. त्यातही एक खोच आहे: आर्डुइनो इतकी कमी वीज खातो की पुष्कळ पॉवर बँकांना वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि त्या गुपचूप बंद होतात. मी डब्यावर एक दिवा कायम जळता ठेवलाय. तो विजेचं ओझं वाढवतो आणि यंत्र चालू आहे हेही दाखवतो. पॉवर बँक तेवढ्यानेही झोपत असेल तर दुसरी आणा. घरी तासभर नुसती जोडून ठेवली की कळतं.

दिवे प्रेक्षकांच्या बाजूला हवेत, परीक्षकांच्या कानात सांगायचं यंत्र नको. नुसते लाल-हिरवे नकोत, ते रंग सगळ्यांना वेगळे दिसत नाहीत. टेबलाचं नाव मोठ्या अक्षरात लिहा. आमच्या चार टेबलांना चार शुभवर्तमानकारांची नावं: मत्तय, मार्क, लूक, योहान.

रिसेटचं बटण फक्त प्रश्न वाचणाऱ्याच्या हाती. आणि प्रश्न संपण्याआधी दाबलं तर काय, हे यंत्र घेतानाच ठरवा, कारण त्यावर यंत्र बदलतं. अमेरिकेतल्या 'जेपर्डी' या टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत १९८५पासून प्रश्न वाचून होईपर्यंत बटणं बंदच असतात, आधी दाबणारा पाव सेकंद अडकतो. तसं हवं असेल तर सूत्रसंचालकाला आणखी एक स्विच लागेल. आम्ही मुलांना मध्येच दाबू देतो, पण वाचन तिथेच थांबतं. "रूथच्या सासूचं नाव..." एवढ्यावर योहानच्या टेबलाने झडप घातली आणि "नामी!" म्हणून ओरडले. प्रश्नाचा उरलेला भाग होता, "...नामी, तर तिच्या नवऱ्याचं नाव काय?" हॉल हसला, लूकला पाच गुण मिळाले.

कार्यक्रम संपला की वायरी आठच्या आकड्यात गुंडाळा, प्रत्येकीवर टेबलाचं नाव आणि लांबी चिकटवा आणि पत्र्याच्या डब्यात ठेवा. चर्चच्या स्टोअररूममध्ये उंदीर आहेत. मार्कची वायर त्यांनीच खाल्ली होती, आणि ते आम्हाला स्पर्धेच्या सकाळी कळलं.