ऑनलाइन बुकिंग की एजंट? आधी विचारा, रिफंड कुणाच्या खात्यात येणार

‘ऑनलाइन स्वस्त पडतं’ हा एक सल्ला, ‘एजंटला दिलं की डोक्याला ताप नाही’ हा दुसरा. दोन्ही अर्धवट आहेत, कारण दोन्हींत ऑनलाइन म्हणजे थेट आणि एजंट म्हणजे मध्यस्थ असं धरलेलं असतं. मोबाइलवरचं मोठं बुकिंग पोर्टल हाही एजंटच आहे, फक्त त्याचा नाशिकच्या कॉलेज रोडला गाळा नसतो. म्हणजे पर्याय तीन झाले: विमान कंपनी, रेल्वे किंवा हॉटेलकडून थेट, पोर्टलवरून, आणि गावातल्या एजंटकडून. दराचा फरक बहुतेक वेळा किरकोळ असतो. खरा फरक बुकिंग रद्द करायची किंवा बदलायची वेळ आली की कळतो.

पायरी १ : सहलीचे तुकडे पाडा

अख्खी सहल एकाच्याच गळ्यात घालायची गरज नाही. प्रवास, मुक्काम, तिथली गाडी आणि परवाने हे चार तुकडे कागदावर वेगळे लिहा आणि प्रत्येकाचा निर्णय वेगळा घ्या. रेल्वे, एसटी, देशातलं सरळ विमान, शहरातलं दोन रात्रींचं हॉटेल हे स्वतः काढा. तिथे एजंट काही भर घालत नाही.

अंदमान, सिक्कीम, युरोप किंवा दहाच्या वर माणसं असलेली कुठलीही सहल असेल तर एजंट घ्या आणि त्याच्या मेहनतीचे पैसे कुरकुर न करता द्या. अंदमानात विमान उतरतं पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला. तिथून हॅवलॉक बेटाला जाणाऱ्या बोटी दुपारनंतर संपतात. विमान उशिरा पोचलं तर बोट आणि पुढच्या हॉटेलची रात्र दोन्ही जातात. हे गणित रोज करणारा माणूस हाताशी असलेला बरा. सिक्कीममध्ये नथुला खिंडीचा परवाना नोंदणीकृत एजन्सीमार्फतच मिळतो, तिथे हट्ट करून उपयोग नाही.

उलट चारधामला जाताना एजंटवर पूर्ण विसंबू नका. यात्रेची नोंदणी उत्तराखंड सरकारच्या साइटवर होते आणि केदारनाथच्या हेलिकॉप्टरचं तिकीट आयआरसीटीसीच्या हेलियात्रा साइटवरच मिळतं. ‘आमचा वेगळा कोटा आहे’ असं व्हॉट्सॲपवर कुणी सांगितलं तर नंबर ब्लॉक करा.

पायरी २ : निघायचं कुठून ते ठरवा

ओझरहून, म्हणजे नाशिकच्या विमानतळावरून, मोजक्याच शहरांना थेट विमानं आहेत. ती आधी पाहा, मग शिर्डी, मग मुंबई. मुंबईचं तिकीट दोन हजारांनी स्वस्त दिसलं म्हणून उडी मारू नका. नाशिकहून मुंबई विमानतळापर्यंतची टॅक्सी, टोल आणि पहाटेच्या विमानासाठी मोडलेली रात्र त्यात मिळवा. दोघं जात असतील तर ओझर महाग दिसूनही बरेचदा परवडतं. पाच जणांत टॅक्सी वाटली गेली की मुंबई जिंकते. आणि आता ‘मुंबई’ असं शोधलं की नवी मुंबईचीही विमानं यादीत येतात. जाताना एका विमानतळावरून आणि येताना दुसऱ्यावर, असं तिकीट पोर्टल हसत हसत देतं. विमानतळाचं नाव दोन्ही बाजूंनी वाचा.

पायरी ३ : रेल्वेचं तिकीट स्वतःच काढा

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं; १ नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते १२० दिवस होतं आणि अजून अनेक जण तेच डोक्यात धरून बसलेत. आयआरसीटीसीचं खातं आधारशी प्रमाणित करून घ्या, नाहीतर तत्काळ मिळणारच नाही. ‘एजंटकडे तत्काळ हमखास मिळतं’ हा समज जुना झाला. तत्काळ उघडल्यावर पहिली ३० मिनिटं, म्हणजे एसीला १० ते १०:३० आणि बिगर-एसीला ११ ते ११:३०, अधिकृत एजंटला बुकिंग बंद असतं. तरीही कुणी हमी देत असेल तर तो बहुधा कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावरून तिकीट काढून विकतोय. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४३ खाली तो गुन्हा आहे, आणि दलाल पकडला गेला की त्याने काढलेली पुढच्या तारखांची तिकिटंही अडकतात.

नाशिकरोडची एक खास गोची आहे. मुंबईहून रात्री साधारण नऊनंतर सुटणाऱ्या गाड्या नाशिकरोडला मध्यरात्र उलटून येतात, म्हणजे आपल्यासाठी तारीख बदललेली असते. तिकिटावर ११ तारीख आणि वेळ ००:४० असेल तर स्टेशनवर १० च्या रात्री जेवून पोचायचं. तत्काळ मात्र गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेच्या आदल्या दिवशी उघडतं, म्हणजे या गाडीचं ९ तारखेला. कोलकाता, गुवाहाटीकडून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना हा फरक आणखी वाढतो.

नाशिकरोडहून वेटिंग दिसत असेल तर मुंबईहून जागा आहे का तेही पाहा. भाडं मुंबईपासूनचं पडेल, पण जनरल कोट्यातली जागा मिळू शकते. फक्त बुकिंग करतानाच बोर्डिंग स्टेशन नाशिकरोड टाका. नाहीतर तुम्ही कल्याणला दिसला नाहीत म्हणून टीसी बर्थ दुसऱ्याला देऊन मोकळा होतो.

पायरी ४ : एजंटकडून कोटेशन फोडून घ्या

‘माणशी अमुक हजार, सगळं त्यात आलं’ हे कोटेशन नव्हे. विमानाचा क्रमांक, हॉटेलचं नाव आणि खोलीचा प्रकार, जेवण कुठलं, गाडी कुठली, ड्रायव्हरचा भत्ता, प्रवेश शुल्क, जीएसटी हे वेगवेगळ्या ओळींत मागा. जेवणाचे संकेत माहीत असू द्या: सीपी म्हणजे फक्त नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही. ‘किंवा समकक्ष’ हे शब्द हॉटेलच्या नावापुढे दिसले तर समकक्ष म्हणजे कोणतं ते नावानिशी लिहून घ्या. हंगामात पहिलं हॉटेल बदलतंच, आणि समकक्ष निघतं ते गावाबाहेर चार किलोमीटरवर. दर दोघांच्या खोलीवर धरलेला असतो. तिसऱ्याला खाट मिळणार की गादी, हेही आत्ताच विचारा.

परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने तुमच्याकडून आधीच गोळा केलेला आयकर, कापला जातो. पॅन दिला असेल तर ती रक्कम आयकर साइटवरच्या तुमच्या वार्षिक पत्रकात दिसते आणि रिटर्न भरताना वळती करता येते. तो खर्च नाही, पण रोख तेवढी आधी मोजावी लागते, म्हणून तुलना करताना बाजूला काढा. नुसतं तिकीट किंवा नुसतं हॉटेल वेगळं घेतलं तर ते पॅकेज ठरत नाही.

पायरी ५ : रिफंडची वाट तपासा

बहुतेकांचे पैसे इथेच अडकतात. विमान कंपनीकडून थेट घेतलेल्या तिकिटाचा परतावा ज्या कार्डावरून पैसे गेले त्यावर येतो. पोर्टलवरून घेतलं तर आधी पोर्टलकडे जातो. ते स्वतःचं शुल्क कापतं, आणि तुम्ही लक्ष दिलं नाहीत तर उरलेलं स्वतःच्याच वॉलेटमध्ये टाकतं. रद्द करताना ‘वॉलेटमध्ये लगेच, बँकेत काही दिवसांनी’ असा पर्याय येतो. बँकच निवडा. वॉलेटमधल्या पैशांना अनेकदा मुदत असते.

गावातल्या एजंटची वाट आणखी लांब. तो बरेचदा एजंटांसाठीच्या घाऊक पोर्टलवरून तिकीट काढतो. परतावा कंपनीकडून घाऊक पोर्टलकडे, तिथून एजंटच्या खात्यावर आणि मग तुमच्याकडे येतो, प्रत्येक टप्प्यावर थोडा झिजत. एजंट लबाडच असतो असं नाही. त्याचे पैसे त्या खात्यातच फिरत असतात, म्हणून ‘अजून आले नाहीत’ हे वाक्य महिनाभर ऐकू येतं. कंपनीला फोन लावला तर उत्तर मिळतं, ‘ज्यांच्याकडून घेतलंत त्यांना विचारा.’ तिथे गप्प बसू नका. एजंट किंवा पोर्टलमार्फत घेतलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारी विमान कंपनीवरच आहे, असं डीजीसीएचे, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक नियामकाचे, नियम सांगतात. रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि ‘नॉन-रिफंडेबल’ तिकिटावरचेही सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत मिळतं. हे पैसे मागितल्याशिवाय फारसं कुणी देत नाही.

म्हणून पैसे देण्याआधी एजंटला व्हॉट्सॲपवर एकच प्रश्न लिहून पाठवा: ‘उद्या रद्द केलं तर माझ्या हातात किती रुपये येतील आणि किती दिवसांत?’ उत्तर आकड्यात हवं. ‘बघू, करून देऊ’ हे उत्तर नाही. आकडा देणाऱ्या एजंटकडे दोन-तीनशे रुपये जास्त गेले तरी जाऊ द्या.

दुसरी अट: बुकिंगमध्ये मोबाइल आणि ईमेल तुमचा. एजंट सवयीने स्वतःचा टाकतात. विमानाची वेळ बदलली की संदेश त्या नंबरवर जातो, आणि तो नंबर रविवारी बंद असतो. मुंबईत राहणाऱ्याला विमान दोन तास अलीकडे आलं तरी धावत गाठता येतं. नाशिकचा माणूस तेव्हा घोटी टोल नाक्याच्या रांगेत असतो. तिकीट हातात आलं की त्याच दिवशी विमान कंपनीच्या साइटवर पीएनआर आणि आडनाव टाकून उघडा, संपर्कात आपला नंबर घाला. पीएनआर उघडतच नसेल तर तिकीट झालेलं नाही. पीडीएफ कितीही देखणी असो.

याला एक अपवाद आहे. हंगामात एजंट ‘सिरीज’ किंवा ‘फिक्स्ड डिपार्चर’च्या जागा विकतात. आधीच गठ्ठ्याने घेतलेल्या जागा, कंपनीकडे प्रवाशांची नावं शेवटच्या काही दिवसांत जातात. स्वस्त असतात, पण रद्द केल्या तर शून्य आणि नाव बदलत नाही. जाणं शंभर टक्के नक्की असेल तरच घ्या, आणि नावं कधी चढणार ती तारीख लिहून घ्या.

तिसरी गोष्ट भाड्याचा प्रकार. शेजारच्यापेक्षा तिकीट सातशे रुपयांनी कमी का, तर कधी कधी ते विद्यार्थी किंवा ज्येष्ठ नागरिक सवलतीत काढलेलं असतं. विमानतळावर ओळखपत्र मागितलं की एजंटचा फोन लागत नाही. तिकिटावर भाड्याचा प्रकार वाचा.

रेल्वेतही हाच न्याय. अधिकृत एजंटकडून काढलेल्या ई-तिकिटाचा परतावा एजंटच्या खात्यात जातो आणि बुकिंगमधल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो ओटीपी एजंटला पैसे हातात घेतानाच सांगायचा. बुकिंगमध्ये नंबरच एजंटचा असेल तर ओटीपीही त्याच्याकडेच जातो, मग तिकीट कधी रद्द झालं आणि किती परत आले हे तुम्हाला कळणारही नाही.

पायरी ६ : नाव

आपल्याकडे पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’ या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं, अशी दोन नावं असतात. परदेशी तिकिटावर दोन्ही, त्याच स्पेलिंगने. एजंटला नाव तोंडी सांगू नका, पासपोर्टचा फोटो पाठवा. स्पेलिंग चुकलं तर २४ तासांच्या आत कळवा. थेट कंपनीच्या साइटवरून घेतलं असेल तर त्याचे वेगळे पैसे घेता येत नाहीत. पोर्टलवरून किंवा एजंटकडून घेणाऱ्यांना ही सोय तितकी सरळ मिळत नाही.

पायरी ७ : पैसे द्या

फर्मच्या नावाच्या खात्यावर, पक्क्या पावतीवर. पावतीवरचं नाव आणि यूपीआयवर दिसणारं नाव वेगळं असेल तर थांबा. तिकिटांची रक्कम पूर्ण आधी द्यावी लागते, ते रास्त आहे. हॉटेल आणि गाडीचे मात्र एक तृतीयांशपेक्षा जास्त आगाऊ देऊ नका. व्हाउचर आलं की हॉटेलला स्वतः फोन करून नाव आणि तारखा विचारून घ्या. नंबर हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरून घ्या, नकाशावरचा नको. तिथे भामटे आपले नंबर घुसवतात. सिंहस्थाच्या २०२७ च्या पर्वण्यांसाठी गावाला येणाऱ्या पाहुण्यांच्या खोल्या शोधत असाल तर हे दुप्पट काळजीने करा.

बिनसलंच तर

रेल्वेसाठी १३९, विमानासाठी एअरसेवा हे सरकारी तक्रार पोर्टल, एजंट किंवा पोर्टलने पैसे अडवले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बनावट साइटवर पैसे गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०, तेही पहिल्या तासात; नंतर रक्कम गोठवणं अवघड होतं. तक्रारीला लागतं ते कोटेशन, पावती आणि व्हॉट्सॲपवरचं ते ‘किती रुपये, किती दिवसांत’चं उत्तर. ते संभाषण फोन बदलायच्या आधी एक्सपोर्ट करून ईमेलवर टाकून ठेवा.