टॅप डान्स: पावलं वाजवायची कशी आणि शैली ओळखायच्या कशा

टॅप डान्स बघताना दोन मिनिटं डोळे मिटून घ्या. नुसत्या आवाजावरून नाच कळत असेल तर नाचणारा मुरलेला समजायचा. शिकतानाही कसोटी तीच: पाऊल वाजलं कसं हे आधी, दिसलं कसं हे नंतर.

टॅपच्या बुटाला तळाशी धातूचे दोन तुकडे असतात, एक चवड्याखाली, दुसरा टाचेखाली. या तुकड्यांनाही टॅपच म्हणतात. ते स्क्रूने बसवलेले असतात, म्हणून सरावाआधी दर वेळी तळावरून अंगठा फिरवावा. वर आलेला स्क्रू जमीन ओरखडतो आणि मध्येच अडकतोही. टॅप सैल झाला की प्रत्येक ठोक्यामागे खुळखुळ येते. काही जाणकार तो मुद्दाम किंचित सैल ठेवतात, पण नवशिक्याने घट्टच ठेवावा, नाहीतर चूक पायाची की बुटाची हेच समजत नाही. बूट टाचेत ढिला असला तरी एका ठोक्याचे दोन ऐकू येतात.

सिमेंटवर टॅप करू नये. धक्का थेट नडगीत आणि गुडघ्यात जातो. टाइल्सवर घसरायची भीती वेगळीच. घरी 4 फूट बाय 4 फुटांचं, 18 मिलिमीटर जाडीचं प्लायवूड आणि त्याखाली न सरकणारी रबरी मॅट एवढं पुरतं.

सुरुवात शफलने करा. वजन डाव्या पायावर, गुडघा किंचित वाकलेला. उजवं पाऊल जमिनीपासून दोन-तीन बोटं वर, घोटा अगदी ढिला. मांडीपासून पाय पुढे झुलवा आणि जाता जाता चवड्याने जमिनीला टिचकी मारा. मागे येताना पुन्हा टिचकी. दोन ठोके, मोजायचे ‘आणि एक’. आवाज ‘खर्र’ असा आला तर पाऊल घासतंय, म्हणजे ते उचलायला उशीर होतोय. ‘थप्प’ असा जाड आला तर घोटा ताठ आहे. ही ताठरता हाच नवशिक्यांचा सगळ्यात चिवट दोष. पाय मोठा झुलवला की जोर येतो असं वाटतं. प्रत्यक्षात ठोका उशिरा पडतो. मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिकटिक करणारं यंत्र) मिनिटाला 60 वर ठेवा, एका मात्रेत दोन ठोके. सलग आठ शफल स्वच्छ वाजले तरच वेग 5ने वाढवा. डावा पाय हमखास मागे पडतो, त्याला दुप्पट वेळ द्या.

फ्लॅपमध्ये पुढची टिचकी तीच, पण दुसऱ्या ठोक्याला चवड्यावर वजन टाकून पाऊल टेकवायचं. इथे टाच पडली की नको असलेला तिसरा ठोका येतो.

क्रॅम्प रोल म्हणजे उजवा चवडा, डावा चवडा, उजवी टाच, डावी टाच. चारही ठोके सारख्या अंतराने हवेत. वजन मागे रेललं की दोन्ही टाचा एकदम आपटतात आणि चाराचे तीन होतात. छाती चवड्यांच्या वर ठेवली की जमतं.

आता शैली. फरक ओळखायला टाचा ऐका. बिल ‘बोजँगल्स’ रॉबिन्सन (1878–1949) चवड्यांवर, ताठ आणि हलकं नाचत. आवाज पातळ पण लख्ख. 1920च्या दशकात जॉन बबल्स यांनी टाचांचे ठोके मिसळले आणि खर्जाची बाजू भरली. ऱ्हिदम टॅप त्यातून वाढला: शरीर जमिनीकडे झुकलेलं, गुडघे सैल, जॅझच्या वादकांशी सवालजवाब. सेव्हियन ग्लोव्हर यांनी त्यात फंक आणि हिप-हॉपचा जोर आणला. ब्रॉडवे टॅपमध्ये, म्हणजे न्यू यॉर्कच्या संगीत नाटकांतल्या टॅपमध्ये, हात, रांगा, उंच पाय यांना महत्त्व, तो डोळ्यांसाठी. फ्लॅश शैलीत कसरतीची भर असते. निकोलस बंधू एकमेकांवरून उड्या मारत पाय फाकून जमिनीवर उतरत आणि हात न टेकता उठत. सॉफ्ट शूला धातू लागतच नाही, मऊ तळव्यांनी सावकाश नाचतात. सँड डान्समध्ये जमिनीवर वाळू पसरतात, आणि शफलमध्ये टाळायची ती ‘खर्र’ इथे हवीच असते!

शफल आणि बॉल चेंज (मागच्या चवड्यावर क्षणभर वजन टाकून ते लगेच पुढच्या पायावर आणणं) जमले की शिम शॅम घ्या. लिओनार्ड रीड आणि विली ब्रायंट यांच्या नावावर असलेली, 1920च्या दशकाच्या अखेरची ही रचना 32 बारची आहे (एक बार म्हणजे चार मात्रा). आठ-आठ बारचे चार भाग. पहिल्या भागात सहा बार तीच चाल आणि शेवटच्या दोन बारमध्ये ब्रेक, म्हणजे चाल तोडणारी वेगळी पावलं. घाई बहुतेक वेळा या ब्रेकलाच होते, म्हणून आधी तो नुसत्या टाळ्यांवर पाठ करा.